कामावरचे संत

कोर्दोव्हा हे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातले, डोंगरांच्या कुशीतले छोटे गाव. होसे दोलोरेस लोपेझ (१८६८-१९३७) हे तिथले सुतार. दारे-खिडक्यांच्या चौकटी, पेट्या, शवपेट्या, थडग्यावरचे क्रूस हा त्यांचा धंदा. गावच्या चर्चची देखभालही त्यांच्याकडेच असे. आपले फर्निचर ते झगझगीत रंगांनी रंगवत. १९२० च्या दशकात सांता फे शहरात येऊन स्थायिक झालेले चित्रकार आणि संग्राहक या गावाकडे फिरकू लागले. त्यांच्यापैकी फ्रँक ॲपलगेट यांनी लोपेझना सुचवले की हे रंग शहरी गिऱ्हाइकाला भडक वाटतात, लाकूड उघडेच राहू द्यावे. लोपेझनी रंग सोडला. पांढुरक्या लाकडावर चाकूच्या टोकाने बारीक रेघा, त्रिकोणी खाचा, कडेने नक्षी, असे त्यांचे नवे काम सुरू झाले. आधी पक्षी, खारी आणि झाडे, मग संतांच्या मूर्ती. पुढे त्यांच्या मुलांनी-नातवंडांनी तोच हात उचलला. १९८२ साली अमेरिकेत पारंपरिक कलावंतांसाठी राष्ट्रीय पातळीवरची हेरिटेज फेलोशिप सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत त्यांचे चिरंजीव जॉर्ज लोपेझ होते. म्हणजे परंपरा जपल्याबद्दल जो सन्मान झाला तो ज्या शैलीचा होता, तिचे वय तेव्हा जेमतेम साठ वर्षांचे होते आणि तिचा जन्म एका खरेदीदाराच्या सल्ल्यातून झालेला होता.

हे उघड झाले की बहुतेकांची प्रतिक्रिया दोनपैकी एक असते. काहींना ही फसवणूक वाटते, तर काही जण खांदे उडवून म्हणतात की सगळ्याच परंपरा अशा बनावट असतात. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. लोपेझ घराण्याने काहीतरी नक्की जपले; फक्त ते लाकडाच्या जातीत, रंगात किंवा रेषेच्या वळणात शोधले तर सापडत नाही. न्यू मेक्सिकोच्या हिस्पॅनिक खेड्यांत संताची मूर्ती ही शोभेची किंवा नुसती नमस्काराची वस्तू कधीच नव्हती. तिला काम असे. शेतकऱ्यांचा सान इसिद्रो १५ मे च्या सुमारास मिरवणुकीने शेतातून आणि पाटाच्या कडेने फिरवला जाई, पिकावर त्याची नजर जावी म्हणून. हरवलेली वस्तू शोधून देण्याचे काम सान आंतोनियोकडे. त्याने चालढकल केली तर त्याच्या हातातले बाळ काढून घ्यायचे, किंवा त्याला उलटे करून, भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. देव पाण्यात घालून बसणाऱ्या मराठी माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. चिमायोचा सांतो निन्यो, म्हणजे बाळयेशू, रात्री गावोगाव अडल्यानडल्यांच्या मदतीला फिरतो आणि त्याचे जोडे झिजतात, म्हणून भाविक त्याला नवे चिमुकले बूट वाहतात. संत कामावर असणे, त्याला जाब विचारता येणे, झिजला की त्याची डागडुजी होणे आणि हे सगळे निभावून नेणारा एक कारागीर हाकेच्या अंतरावर असणे, एवढी व्यवस्था ज्याने टिकवली त्याने ही कला जपली, असे माझे म्हणणे आहे. अशा कारागिराला तिथे सांतेरो म्हणतात, स्त्री असेल तर सांतेरा. बाकी सगळे बदलत आले आहे आणि त्याचा पुरावा या कलेच्या इतिहासात ठिकठिकाणी आहे.

सुरुवातच टंचाईतून झाली. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते वसाहतवाल्यांना घेऊन इथे आले, १६१० च्या सुमारास सांता फे वसले. मेक्सिको शहरापासून इथवरचा रस्ता सुमारे अडीच हजार किलोमीटरचा. सतराव्या शतकात मिशनांचा माल घेऊन येणारा गाड्यांचा तांडा साधारण तीन वर्षांनी एकदा यायचा. त्यातून येणाऱ्या मूर्ती मोजक्या आणि महागड्या. पाद्रीही इतके थोडे की पुष्कळ वाड्यांना वर्षातून एखाद्या वेळी त्यांचे दर्शन व्हावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकवस्ती वाढली, डोंगरात नवी खेडी वसली, प्रत्येकाला आपले देऊळ आणि घरोघरी आपला संत हवा झाला, आणि ही गरज स्थानिक हातांनी भागवली. आरंभीच्या नावांपैकी बेर्नार्दो मिएरा इ पाचेको (१७१३-१७८५) हे खरे तर लष्करी नोकर आणि नकाशे काढणारे. १७७६ च्या प्रसिद्ध शोधमोहिमेचा नकाशा त्यांचाच. जोडीला ते मूर्ती कोरत आणि रंगवत. त्यांच्या मागून त्रुचासचे पेद्रो आंतोनियो फ्रेस्किस, लागुना पुएब्लोच्या चर्चमधील वेदीच्या भव्य चित्रफळ्यांमुळे ज्याला लागुना सांतेरो म्हणतात तो अनामिक कलावंत, मोयेनो आणि होसे राफाएल आरागोन आले. चिमायो, कोर्दोव्हा या पट्ट्यातल्या देवळांत पाऊल टाकले की समोर बहुधा आरागोन यांचेच काम दिसते: जाड काळ्या रेषेने बांधलेली आकृती, लांबट चेहरा, बदामी डोळे आणि प्रेक्षकाच्या पलीकडे कुठेतरी लागलेली नजर.

साहित्य आसपास मिळे तेच. पूर्ण कोरलेल्या मूर्तीला बुल्तो म्हणतात. तिच्यासाठी कॉटनवूडचे मूळ चांगले, कारण ते हलके असते, कोरायला मऊ असते आणि वाळल्यावर सहसा तडकत नाही. फळीवरच्या चित्राला रेताब्लो म्हणतात. त्यासाठी पाइनचा ओंडका फोडून वाकसाने तासून सपाट करत, कारण या प्रदेशात लाकूड चिरायच्या करवती दुर्मिळ होत्या. जिप्समचा दगड भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून जनावराच्या कातड्याच्या सरसात कालवायचा आणि त्याचे थरावर थर द्यायचे, म्हणजे लाकडाची रंध्रे बुजून पांढरीशुभ्र जमीन तयार होते. मूर्तीचा घोळदार झगा हवा असेल तर कापड याच लगद्यात बुडवून काठ्यांच्या सांगाड्यावर चढवत. आत पोकळ, वरून भरदार. वर पाण्यातले रंग: डोंगरातली पिवळी आणि तांबडी माती, काजळी, अक्रोडाची टरफले, दक्षिणेकडून व्यापारात येणारी नीळ आणि निवडुंगावरच्या किड्यांपासून केलेला किरमिजी रंग. शेवटी पिन्योन पाइनची राळ मद्यार्कात विरघळवून तिचा हात. ही राळ काही दशकांत पिवळी, मग तपकिरी पडते. त्यात मेणबत्त्यांची काजळी मिसळते. शहरी रसिकांना जी ‘प्राचीन, संयत’ छटा मोहात पाडते, ती अशी राळेची आणि धुराची देणगी आहे. नवेपणी हे संत लालभडक, निळे, पिवळेजर्द असत. ॲपलगेट यांना लोपेझच्या फर्निचरवर जो रंग खटकला तो जुन्या सांतेरोंना खटकला नसता.

बाहेरून येऊन सांतेरोला त्याचे चुकते कुठे हे सांगणारे ॲपलगेट पहिले नव्हेत. १७७६ मध्ये फ्राय फ्रान्सिस्को आतानासियो दोमिंगेस या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्याने सगळ्या मिशनांची पाहणी केली. सूक्ष्म नजरेचा, टोचून लिहिणारा माणूस. स्थानिक हातच्या मूर्तींना त्याने आपल्या अहवालात अनेकदा कुरूप ठरवले. १८४६ मध्ये अमेरिकी सैन्य आले, १८४८ च्या तहाने प्रदेश अमेरिकेचा झाला आणि १८५१ मध्ये ज्यां-बाप्तिस्त लामी हे फ्रेंच बिशप सांता फेत दाखल झाले. विला कॅथरच्या १९२७ च्या कादंबरीमुळे इंग्रजी वाचकांच्या मनात त्यांची फार सौम्य प्रतिमा आहे. सांतेरोंच्या बाबतीत त्यांची कारकीर्द तितकी सौम्य नव्हती. त्यांच्या आणि त्यांनी आणलेल्या युरोपीय पाद्रींच्या डोळ्यांना हे संत ओबडधोबड, जवळजवळ असंस्कृत वाटत. सांता फेच्या चौकातले लष्करी चॅपेल लामी यांनी विकले. १७६१ ची त्यातली कोरीव दगडी वेदी मुख्य चर्चमध्ये हलवली गेली आणि पुढे नव्या कॅथेड्रलच्या भिंतीआड कित्येक दशके नजरेआड पडली. तिच्यासाठी १९४० मध्ये मुद्दाम क्रिस्तो रेय चर्च बांधले गेले तेव्हा ती पुन्हा सर्वांसमोर आली. खेड्यांतल्या लाकडी संतांच्या जागी प्लॅस्टरचे गुळगुळीत पुतळे बसू लागले. १८८० च्या सुमारास रेल्वे आली आणि छापील रंगीत संत काही पैशांत मिळू लागले. लोकांनी तेही आनंदाने घेतले. सैन्याबरोबर आलेल्या पत्र्याच्या डब्यांपासून स्थानिक कारागिरांनी त्यांना नक्षीदार चौकटी करून दिल्या. कागदी संतालाही कामावर रुजू करून घेतले. पण नवी मूर्ती कोरून मागणारा माणूस कमी होत गेला.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो. आरागोन १८६२ मध्ये वारले. लोपेझ संत कोरू लागले १९२० च्या दशकात. मधली साठ वर्षे जर पोकळी असेल तर ही परंपरा तुटलेली आहे आणि नंतरचे सारे पुनरुज्जीवन, तेही संग्राहकांनी घडवलेले. हा आक्षेप शैलीपुरता मान्य करावा लागतो. वेदीची चित्रे काढणारी, गुरूकडून शिष्याकडे जाणारी कार्यशाळा खरोखरच बंद पडली होती. पण याच काळात मोरादांमध्ये काय चालले होते ते पाहिले पाहिजे. मोरादा म्हणजे पेनितेंते बंधुसंघाचे मातीचे, बिनखिडक्यांचे सभागृह. पाद्री नसलेल्या गावांत मयताचे अंत्यविधी, विधवांना मदत, लेंटच्या उपवासकाळातल्या प्रार्थना आणि गुड फ्रायडेची येशूच्या दुःखसहनाची मिरवणूक हे सारे या गृहस्थ बंधूंनी सांभाळले. बिशप सुबिरीया यांनी १८३३ मध्ये त्यांना फटकारले, लामी यांनी वेसण घालायचा प्रयत्न केला, प्रवासी पत्रकारांनी त्यांच्या आत्मताडनाच्या तिखटमीठ लावलेल्या कहाण्या विकल्या. चर्चची अधिकृत मान्यता मिळायला १९४७ उजाडले. या बंधूंना प्लॅस्टरचा येशू चालत नव्हता, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. त्यांचा येशू क्रुसावरून उतरवून शवपेटीत निजवावा लागे, म्हणून त्याच्या खांद्यांना सांधे हवेत. तो खांद्यावरून मैलभर न्यावा लागे, म्हणून तो हलका हवा. त्याच्या जखमा दर काही वर्षांनी पुन्हा रंगवता यायला हव्यात. मृत्यूची गाडी, म्हणजे धनुष्यबाण घेतलेला दोन्या सेबास्तियानाचा सांगाडा आणि तिचा लाकडी गाडा, ही तर कोणत्याच कारखान्याच्या यादीत नव्हती. कोर्दोव्ह्याची अशी एक गाडी होसे दोलोरेस यांचे वडील नासारियो लोपेझ यांच्या नावे सांगितली जाते. होसे दोलोरेस स्वतः या संघाचे बंधू होते. संग्राहक दारात येण्याआधी ही मागणी, हे संत आणि त्यांना दुरुस्त ठेवणारे हात गावात होते. संग्राहकांनी बाजार आणला, हे खरे. कसब मात्र त्यांच्याआधीपासून तिथे होते.

दुसरा आक्षेप त्या बाजाराबद्दलच आहे आणि तो अधिक टोचणारा आहे. १९२५ मध्ये लेखिका मेरी ऑस्टिन आणि ॲपलगेट यांच्या पुढाकाराने स्पॅनिश कलोनिअल आर्ट्स सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी सांता फेत स्पॅनिश मार्केट भरू लागले. मंदीत ते बंद पडले, पुढे पुन्हा सुरू झाले आणि आता दर जुलैअखेर शहराच्या चौकात भरते. घेणारा बहुधा दूरच्या शहरातला, सान इसिद्रोकडे पाऊस न मागणारा. त्याच्या शेल्फवर जाऊन बसलेला संत कोणत्या कामावर आहे? हा प्रश्न टाळता येत नाही, आणि पहिल्या पिढीच्या संग्राहकांनी खेड्यातून जुने संत विकत नेले आणि त्याच खेड्यांना नवे करायला शिकवले, यातली विसंगतीही झाकू नये. मागणी वाढली तशा चोऱ्याही वाढल्या. १६२५ च्या सुमारास न्यू मेक्सिकोत आलेली सांता फेची ला कोन्किस्तादोरा ही मारियेची मूर्ती १९७३ मध्ये कॅथेड्रलमधून पळवून खंडणी मागितली गेली, सुदैवाने ती परत मिळाली. पण या आक्षेपामागे एक गृहीतक दडलेले आहे, की पूर्वीचा सांतेरो पैशाला न शिवणारा भक्त होता. तसे काही नव्हते. लागुना सांतेरोच्या कामामागे सांता फेच्या आंतोनियो होसे ओर्तिस या धनिकाचा आश्रय होता. होसे आरागोन (होसे राफाएल यांच्याहून वेगळे सांतेरो) यांनी आपल्या कित्येक फळ्यांवर नाव घातले आहे. फिरते सांतेरो धान्य, मेंढ्या, कापड घेऊन संत देत. मोबदला घेणे आणि भक्ती यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. शिवाय हीच सोसायटी १९२९ मध्ये दुसऱ्या एका प्रसंगी कामाला आली. १८१३ ते १८१६ दरम्यान बेर्नार्दो आबेता यांनी बांधलेले चिमायोचे देऊळ वारसांच्या खासगी मालकीचे होते, अडचणीमुळे आतल्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या होत्या. ऑस्टिन यांनी नाव न सांगणारा देणगीदार मिळवला, ६,००० डॉलरला वास्तू घेतली गेली आणि ती संग्रहालयाला न देता चर्चच्या स्वाधीन केली. त्यामुळे तिथले संत कामावरच राहिले. १९४६ मध्ये फिलिपिन्समधील बातानच्या मृत्युयात्रेतून आणि जपानी बंदिवासातून वाचलेले न्यू मेक्सिकोचे सैनिक इथेच आभार मानायला चालत आले. आजही वर्षाला सुमारे तीन लाख लोक येतात. बाजार एकीकडे संतांना निवृत्त करतो आणि दुसरीकडे संत घडवणाऱ्याला पोसतो, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. त्यातले वजन कोणत्या बाजूला झुकते हे प्रत्येक सांतेरोगणिक तपासावे लागेल.

तिसरा आक्षेप मुळाशी जातो. हे संत तलवारीच्या सावलीत आले. १६८० मध्ये इथल्या मूळ रहिवासी पुएब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलले तेव्हा २१ पाद्रींसह सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, चर्चे जाळली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या. बारा वर्षांनी स्पॅनिश परतले. साम्राज्यांनी संत कसे आणि कुठवर फिरवले याची मराठी मुलुखाला ओळख आहे. वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत ज्या २५ जणांबरोबर क्रुसावर चढला, त्यांच्यातच मेक्सिकोचा फेलिपे दे हेसुस होता. मेक्सिकोतल्या कुएर्नाव्हाकाच्या जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या भिंतींवर त्या सगळ्यांची चित्रे आहेत. तेव्हा आरंभ निरागस होता असे म्हणण्यात अर्थ नाही. मात्र ‘स्पॅनिश वसाहतकालीन’ हा शिक्का या कलेवर कोणी मारला हेही पाहावे. तो १९२० च्या दशकातल्या इंग्रजीभाषक शहरवासीयांचा आहे. स्पेनची सत्ता १८२१ मध्ये संपली. आरागोन यांचे बहुतेक सगळे काम मेक्सिकोच्या आणि मग अमेरिकेच्या अमलाखालचे. ज्यांच्यासाठी ते होते ती खेडी स्पॅनिश, मेक्सिकन आणि स्थानिक रक्ताच्या मिश्रणातून उभी राहिलेली होती. लागुनाच्या चर्चमध्ये वेदीवरच्या छताला सूर्य, चंद्र आणि इंद्रधनुष्य आहे, आणि ते माद्रिदहून आलेले नाही. जेत्याची प्रतिमा तीन शतकांत गरिबांच्या हाती गेली, त्यांच्यासारखी दिसू लागली आणि मग नव्या जेत्याच्या, म्हणजे लामी आणि रेल्वेच्या काळात तीच त्यांच्या स्वत्वाची खूण झाली. १६८० चा हिशेब त्यामुळे मिटत नाही. एवढेच दिसते की या मूर्तींचा मालक मध्ये बदललेला आहे.

अलीकडच्या दोन सांतेरोंकडे या दृष्टीने पाहिले तर वरवरचा विरोध विरतो. चार्ल्स कारिओ हे शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ. २००६ चे हेरिटेज फेलो. सरस, जिप्सम, मातीचे रंग, पिन्योनची राळ ही जवळजवळ विस्मरणात गेलेली पद्धत त्यांनी जुन्या फळ्यांचा अभ्यास करून पुन्हा रुळवली, इतरांना मोकळ्या हाताने शिकवली. लुईस तापिया यांनी उलट १९७० च्या दशकात झगझगीत रंग वापरले, बाजाराच्या नियमांशी त्यांचे बिनसले आणि ते बाहेर पडले. त्यांच्या मूर्तींत आजच्या वस्तीतली माणसे, मोटारी, तुरुंग येतात. एकाला परंपरावादी आणि दुसऱ्याला बंडखोर म्हणायची सोय आहे. पण कारिओ यांचे ‘जुने’ तंत्र संशोधनातून नव्याने मिळवलेले आहे आणि तापियांचे ‘नवे’ रंग राळ काळवंडण्याआधीच्या आरागोनला जवळचे आहेत. शुद्धतेचा तराजू इथे उपयोगाचा नाही. स्त्रियांचा प्रवेश हाच बदल मला अधिक मोलाचा वाटतो. जुन्या नोंदींत सांतेरो म्हणून पुरुषच दिसतात. मारी रोमेरो कॅश यांच्यासारख्या सांतेरांनी नुसते संत केले नाहीत, खेडोपाडीच्या देवळांतल्या मूर्तींची नोंदही केली.

खरी कसोटी मूर्ती दुरुस्तीला काढली की लागते. दीडशे वर्षांच्या सान आंतोनियोचा चेहरा पुसट झाला, बोटे तुटली. संग्रहालयाचा जतनतज्ज्ञ सांगेल की आहे तो थर स्थिर करा, नवा रंग लावू नका, मूळ हात हरवेल. गाव सांगेल की संताला नीट दिसत नाही, त्याचे डोळे काढून द्या. जुन्या बुल्तोंची तपासणी केली की बहुतेकांवर एकाखाली एक रंगांचे थर निघतात. म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या हेच केले आहे आणि तज्ज्ञ ज्याला ‘मूळ’ म्हणून वाचवू पाहतो तोही कित्येकदा तिसरा किंवा चौथा हात असतो. मी या वादात गावाच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही. संग्रहालयात गेलेला संत आता पुरावा झाला आहे. त्याला हात लावू नये. जो अजून देवळात किंवा मोरादात आहे, त्याच्या प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे, रंगाचा कण तपासून नोंद ठेवावी, आणि मग कुंचला त्या खोऱ्यातल्या सांतेरोच्या हाती द्यावा. तो डोळे जरा मोठे काढेल, गाल जरा जास्त लाल करील, तज्ज्ञ नाक मुरडेल. दोमिंगेस यांनीही मुरडले होते.